नाव घ्यायची जागा

४ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शिलाई मशीनच्या खणात टाकशील, याची मला निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्या खात्रीवर लिहितोय.

मी निवृत्त झालो हे तुला कळलं असेलच. पंच्याहत्तरी भरली की महागुरुस्वामीने आपणहून पोपना राजीनामा पाठवायचा, असा आमच्यात नियम आहे. माझा राजीनामा वर्षभर तिकडे पडून होता. मला वाटायला लागलं होतं की विसरले बहुतेक, आणि मग अचानक मंजूर झाला. महिन्याभरात नवे महागुरुस्वामी आले, मी किल्ल्या दिल्या, आणि आता वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात राहतो. खोली ऐसपैस आहे. खिडकीतून कॅथेड्रलचा मनोरा दिसतो. भेटायला येणाऱ्यांची रीघ असते, दुपारी जरा डोळा लागू देत नाहीत. जेवण उत्तम, प्रकृती ठणठणीत.

नव्या महागुरुस्वामींनी मला एक काम दिलं आहे. आपल्या महाधर्मप्रांताचा इतिहास लिहून काढायचा. म्हाताऱ्याच्या हातात निवडायला काहीतरी दिलं म्हणजे तो स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही, तसलाच हा प्रकार. पण मला आवडलं. आणि त्यातच तुझ्याशी काम निघालं. आपल्या गावातलं पहिलं प्रार्थनामंदिर नक्की कुठे होतं? बाबा सांगायचे ते तुला आठवत असेल. माझ्या लक्षात फक्त त्याचं छप्पर गवताचं होतं एवढंच आहे.

सहा वर्षांपूर्वी तुझं शेवटचं पत्र आलं होतं. 'आपलं पत्र चर्चच्या फलकावर वाचलं. आज्ञा शिरसावंद्य.' आणि खाली सही म्हणून 'संबंधित व्यक्ती'. ते मी अजून फाडलेलं नाही. पण आज त्यावर भांडायला बसलेलो नाही. आज फक्त छपराबद्दल विचारतोय.

तुझा,
बोबड्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आक्का,

तुझं उत्तर आलं. 'परमपूज्य महागुरुस्वामींच्या सेवेशी' अशी सुरुवात, मग मंदिर विहिरीच्या वरच्या अंगाला होतं, छप्पर गवताचं नव्हे तर झावळ्यांचं होतं, आणि 'आपली प्रकृती उत्तम असल्याचे वाचून समाधान वाटले'. सरकारी कचेरीतून आल्यासारखं. तरी मी ते तीनदा वाचलं. झावळ्यांची दुरुस्ती केली आहे.

इतिहास मजेशीर आहे गं. आधी इथे काहीच नव्हतं. दोन धर्मगुरू, एक खेचर आणि ताप. त्याला 'मिशन' म्हणायचे, म्हणजे ज्याला अजून स्वतःचं घर नाही असं बिऱ्हाड. मग माणसं वाढली, चर्चं वाढली, आणि धर्मप्रांत झाला, म्हणजे स्वतःचा बिशप मिळाला. तो बिशप नावेतून उतरताना पाण्यात पडला. त्याच्या हातचा सर्वांत जुना कागद मला सापडलाय, त्यात तो कोरडे मोजे मागतोय. पुढे आजूबाजूला आणखी तीन धर्मप्रांत उभे राहिले, आणि मधल्या आमच्यामागे 'महा' लागलं.

लोकांना वाटतं महागुरुस्वामी म्हणजे बाकीच्या बिशपांचा साहेब. तसं काही नसतं. तो मोठ्या कुटुंबातल्या थोरल्या भावासारखा असतो. फोटोत मधली खुर्ची त्याची, पण प्रत्येक भाऊ आपापल्या घरात मालक, आणि थोरल्याचं ऐकतो कोण. एक लोकरीचा पांढरा पट्टा तेवढा जास्तीचा मिळतो, गळ्यात घालायला. माझा आता डब्यात आहे. मला पुरताना तो सोबत ठेवतील, म्हणून कसर लागू नये याची काळजी घ्यायची.

विभाजनाचं प्रकरण लिहायला घेतलं आणि अडकलो. तू वाचणार नसलीस तरी तुला सांगतो. नदीपलीकडच्या लोकांना माझ्यापर्यंत यायला सगळा दिवस मोडायचा. मी त्यांच्या गावी वर्षाकाठी एकदा जायचो, तेही धावतपळत. म्हणून मी स्वतः मागणी केली की पलीकडचा भाग वेगळा धर्मप्रांत करा, त्यांना जवळचा बिशप द्या. नकाशावर रेघ ओढायची वेळ आली तेव्हा आमचे चॅन्सलर, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे फादर, म्हणाले, "रेघ नदीवरून जाते आणि आपलं गाव पलीकडच्या अगदी काठावर आहे. इथे रेघ जरा वळवू या का? कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मी नको म्हटलं. सगळ्यांना नदी आणि माझ्या गावाला वळण, हे मला जमलं नसतं. ते आजही जमणार नाही.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. तुला माहीत आहे, मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत एक जागा असते, जिथे पोपचं नाव घेतात आणि मग त्या प्रांताच्या बिशपचं. महाधर्मप्रांतातला प्रत्येक धर्मगुरू रोज तिथे माझं नाव घ्यायचा. मी स्वतः मिस्सा अर्पण करायचो तेव्हा नावाऐवजी 'तुझा अपात्र सेवक असलेला मी' म्हणायचो, तसंच म्हणायचं असतं. परवा कॅथेड्रलमध्ये सकाळची मिस्सा माझ्याकडे होती. ती जागा आली, आणि नव्यांचं नाव घ्यायच्या ऐवजी जीभ सवयीने 'अपात्र सेवक असलेला मी' म्हणून पुढे निघून गेली. पहिल्या बाकावरच्या दोघी सिस्टर एकदम खोकल्या.

एवढंच. आता नवं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवतो.

तुझा,
बोबड्या


२१ मार्च

प्रिय आक्का,

मागच्या पत्राला उत्तर नाही. रेघेचं लिहायला नको होतं बहुतेक.

त्या चुकीची गोष्ट वाढली. ती चूक मी पुन्हा केली, कागद समोर असताना. या वेळी चर्च भरलेलं होतं. चार दिवसांनी नवे महागुरुस्वामी स्वतः भेटायला आले. माणूस सज्जन आहे, गोडाचा डबा घेऊन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आपण आता आराम करावा. कॅथेड्रलच्या मिस्साची दगदग कशाला? इथे खोलीतच छोटं टेबल लावून घ्या. लोकांचा उगाच गोंधळ होतो."

मी म्हटलं, "बरोबर आहे." बरोबरच होतं. लोकांना आपला मेंढपाळ कोण ते स्पष्ट कळायला पाहिजे. तुझ्या वेळी मी हेच लिहिलं होतं. आता तू हसत असशील, तर हस.

तर मी खोलीत मिस्सा अर्पण करतो. समोर खुर्ची, खुर्चीवर टॉवेल. 'प्रभू तुमच्याबरोबर असो' म्हणतो आणि टॉवेल काही उत्तर देत नाही.

भेटायला येणाऱ्यांच्या रिघेबद्दल मी लिहिलं होतं, त्यात थोडी दुरुस्ती आहे. पहिल्या आठवड्यात खरंच रीघ होती. या महिन्यात पंखा दुरुस्त करणारा आला, डॉक्टर आले आणि गोडाचा डबा आला. इथे बाकीचे फादर आहेत, चांगले आहेत, पण मी जेवायला बसलो की त्यांचं बोलणं थांबतं. कोणाची बदली मी केली होती, कोणाला बढती दिली नव्हती. भाजी पुढे सरकवतात आणि 'महागुरुस्वामी' म्हणतात. आक्का, मला नावाने हाक मारणारं माणूस या शहरात एकही नाही. नाव मिस्सात होतं, तिथूनही गेलं.

न्हाणीघरात पाय घसरला होता. लचक आहे, काळजी नको.

मी विचार करत होतो की थोडी हवापालट करावी. उन्हाळाभर. मागची खोली अजून रिकामी असते का? तिकडे राहायचं तर तिथल्या बिशपांना विचारावं लागेल, कारण तो आता त्यांचा प्रांत. ते माझेच जुने चिटणीस, नाही म्हणणार नाहीत. प्रश्न तुझाच आहे.

बोबड्या


७ एप्रिल

आक्का,

'आपल्यासारख्यांची सोय आमच्या घरी व्हायची नाही. न्हाणीघर अंगणात आहे. क्षमस्व.'

ज्या न्हाणीघरात मला बादलीभर गार पाण्याने तू आंघोळ घातलीस, त्याची मला माहिती देतेस.

ठीक आहे. मग आता भांडूच. विभाजनानंतर तुमच्या चर्चमध्ये नवे बिशप आले, नवं नाव आलं. तू विनवण्या सांगायचीस. दर रविवारी पुढे उभी राहून तू 'आमच्या महागुरुस्वामींसाठी' म्हणून माझ्या नावाने विनवणी करायचीस, आणि अख्खं चर्च 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचं. फादरांनी तुला दोनदा सांगितलं. तू कानाडोळा केलास. तुमच्या बिशपांना तुला बोलायचा धीर होईना, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी काय करायला हवं होतं? माझीच बहीण म्हणून मूग गिळून बसायचं? दुसरी कोणी बाई असती तर मी जे लिहिलं असतं तेच लिहिलं: 'संबंधित व्यक्तीस विनवण्यांच्या सेवेतून मुक्त करण्यास माझी हरकत नाही.' ते फलकावर लावायला मी सांगितलं नव्हतं. तो तुमच्या फादरांचा आगाऊपणा.

नियम बरोबर होता. प्रांत दोन झाल्यावर एका चर्चमध्ये दोन मेंढपाळांचं नाव घेऊन चालत नाही. तू हट्टी आहेस. लहानपणापासून आहेस. मी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेलो तेव्हा आईबाबांना मी बघते म्हणालीस आणि लग्नाची तीन स्थळं परत पाठवलीस. कुणी सांगितलं होतं?

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. पण पानं पुन्हा लिहायचा कंटाळा आला आहे, आणि खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेसच.

सोय नाही तर नाही. माझी इथे उत्तम सोय आहे.


२ मे

आक्का,

आज आलेल्या एका माणसाबद्दल तुला सांगायचं आहे. जसं घडलं तसं सांगतो.

इतिहासासाठी मी प्रत्येक धर्मग्रामाला आपापली हकिकत लिहून पाठवायला सांगितलं होतं. आमच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी जे चर्च आहे, तिथले फादर आज स्वतः घेऊन आले. चाळिशीचे, मोकळे आणि बडबडे. मी कोण आहे याचं त्यांना फारसं दडपण नव्हतं, म्हणून बसवून घेतलं. माणसं किती, बाप्तिस्मे किती असं बोलता बोलता ते म्हणाले, "यात एक आजी लिहायच्या राहिल्या. पण त्या आपल्या नाहीत ना, पलीकडच्या."

मी विचारलं, "पलीकडच्या म्हणजे?"

"नदीपलीकडच्या. दर रविवारी यायच्या. पूल चालत ओलांडून. ऊन असो, पाऊस असो. शेवटच्या बाकावर बसायच्या. मी एकदा म्हटलं, आजी, तुमच्या गावात चर्च आहे ना, एवढी पायपीट कशाला? तर म्हणाल्या, आहे की, पण तिथे नाव दुसरं घेतात."

ते बोलत राहिले.

"मला आधी काही उलगडाच होईना. मग लक्षात आलं. मुख्य प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं की त्या मान खाली घालायच्या. तेवढंच. नंतर प्रसाद घ्यायला यायच्या. हात पुढे केला की बोटात शिंप्याचं अंगुस्तान तसंच. मी म्हणायचो, आजी, आज पण काढायचं विसरलात. तुमच्यावर फार भक्ती होती बघा त्यांची. तुमच्या ओळखीच्या होत्या का कोणी?"

मी म्हटलं, "असतील."

"तुम्ही निवृत्त झालात, नंतरच्या रविवारी पण आल्या होत्या. मी नवं नाव घेतलं. त्या बाकावरून उठल्या. दारात थांबून हाताने 'येते' म्हणाल्या. तेव्हापासून दिसल्या नाहीत. वय झालेलं होतं, आता आहेत की नाहीत कोण जाणे."

सहा वर्षं, आक्का. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून तोंड फिरवून बसली आहेस. रागावलेली होतीसच, मला माहीत आहे, कारण तू मला ओळ लिहिली नाहीस. आणि तसं रागावूनच दर रविवारी पूल चालत होतीस, नाव ऐकायला. कॅथेड्रलमध्ये आली असतीस तर मी स्वतः दिसलो असतो. तिथे आली नाहीस. माझं तोंड बघायचं नव्हतं आणि नाव सोडवत नव्हतं.

फादर गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडलो. या वयात रडणं वाईट, नाक वाहतं आणि चष्मा सापडत नाही.

आता जे आहे ते सांगतो. पाय लचकला नव्हता, मोडला होता. प्लास्टर निघालं, पण काठी आली आहे. उन्हाळ्यापुरती हवापालट हे खोटं होतं. मला कायमचं यायचं आहे. इथे माझी सोय आहे आणि माणूस नाही. मागची खोली दे, नाहीतर पुढच्या पडवीत खाट टाक. नियम बरोबर होता हे मी अजून म्हणेन, तू मला अजून 'आपण' म्हण. पण मला घरी यायचंय.

बोबड्या


११ जून

प्रिय फादर,

तुमच्या धर्मग्रामाची हकिकत मी इतिहासात घातली. तीन चुका दुरुस्त केल्या, राग मानू नये. बाड नव्या महागुरुस्वामींकडे पोचतं केलं आहे. हे पत्र मात्र वेगळ्या कारणासाठी आणि फक्त तुमच्यासाठी.

तुम्ही ज्या आजींबद्दल बोललात त्या बऱ्या आहेत. त्या माझ्या सख्ख्या बहीण. मी आता त्यांच्याच घरून लिहितो आहे. माझ्या शेवटच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. तीन आठवडे वाट बघितली आणि मग बसने आलो. गाडी पाठवतो म्हणाले होते, नको म्हटलं. इथल्या बिशपांनी परवानगी दिली, आपल्या बंगल्यात खोलीही देऊ केली, तीही नको म्हटलं. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "आलात आपण." काठीकडे बघितलं आणि न्हाणीघरात पाट ठेवायला निघून गेली.

आमचा समेट झाला असं तुम्हाला वाटेल, तर तसं फारसं काही नाही. ती दिवसभर मशीनवर असते. मला 'आपण' म्हणते. माझं जेवण बाहेर आणून ठेवते आणि स्वतः आत जेवते. बोलायला गेलो तर मशीन चालू करते. इथेही दिवस लांबच आहेत.

सकाळी तिच्या कापडं बेतायच्या टेबलावर मी मिस्सा अर्पण करतो. मंडळी म्हणजे ती एकटी. अंगुस्तान खरंच काढत नाही. मुख्य प्रार्थनेत ती जागा आली की मी पोपचं नाव घेतो आणि मग इथल्या बिशपांचं. इथे त्यांचंच घ्यायचं असतं, त्यात मी चूक करत नाही.

पहिल्या दिवशी मी ते नाव घेतलं आणि पुढचा शब्द उच्चारणार, एवढ्यात ती मध्येच बोलली. माझं नाव. पुढे मागे पदवी नाही, काही नाही, आईबाबांनी ठेवलेलं नुसतं नाव, ठणठणीत आवाजात. आणि पुन्हा गप्प.

त्या प्रार्थनेत जमलेल्यांनी मध्ये बोलायचं नसतं, हे तुम्हाला मीच सेमिनरीत शिकवलं असणार. निवृत्त माणसाचं नाव तर तिथे येतच नाही. मी तिला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. त्यानंतर रोज. बाकी दिवसभरात ती मला एकदाही नावाने हाक मारत नाही.

हे तुम्ही कोणाला सांगू नये; कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. आता इथल्या बिशपांचं नाव घेऊन झालं की मी थांबतो.